मायनस सोळाचं जग

माझ्या डोळ्यांचा नंबर मायनस सोळा होता. 'होता' असं लिहिताना अजून हात अडखळतो, कारण जन्मभर मी हा नंबर नावाआधी सांगत आलो. शाळेत पोरं मला 'बाटली' म्हणत. ऑफिसात काय म्हणत तेही मला माहीत होतं. डोळे अधू असलेल्या माणसाचे कानही अधू असतात अशी लोकांची समजूत असते, त्यामुळे माझ्या टेबलासमोर बरंच काही मोकळेपणानं बोललं जाई.

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि चष्मा गेला. ज्यांचा नंबर माझ्यासारखा दांडगा आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी आतली लेन्स बदलायला सांगितली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यात वैद्यकीय माहिती नाही. ती डॉक्टरांना विचारा. डॉक्टर जे सांगतात पण घाबरल्यामुळे आपण ऐकत नाही, तेवढंच माझ्याकडे आहे.

शेंगदाण्याएवढा

आधी माझ्या एकमेव कलेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं रामायण कळणार नाही.

आमचे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. आईनं मात्र वर्धा सोडली नाही. ती तिनं स्वयंपाकघरात आणून ठेवली. घरात लग्न ठरलं की वळवट व्हायचं. रव्याचं घट्ट भिजवलेलं पीठ चिमटीत घेऊन तांदळाएवढे गव्हले वळायचे, वाळवायचे, आणि लग्नात त्यांची खीर करायची. मुहूर्ताला पाच सुवासिनी पाच-पाच गव्हले वळतात. मग उरलेलं पीठ ज्याला जमेल त्यानं संपवायचं.

मला चेंडू दिसत नसे, म्हणून मैदानावर कुणी घेत नसे. मी बायकांत बसू लागलो. चष्मा काढून चिमूट नाकाशी नेली की मला गव्हल्यावरची रव्याची कणी न् कणी दिसायची. मायनस सोळाच्या डोळ्याला उघड्यानं दोन-अडीच इंचांवरचंच दिसतं, पण जे दिसतं ते भिंगातून पाहिल्यासारखं. पहिल्यांदा बसलो तेव्हा मला प्रत्येक गव्हला जाडच वाटे. मी वळत राही, आणि त्याचा पार दोरा होऊन जाई. आईनं स्वतः वळलेला एक नेमका गव्हला माझ्या बोटावर ठेवला आणि विचारलं, "हा तुले केवढा दिसते?"

"शेंगदाण्याएवढा."

"मंग तेवढा दिसला का सोडत जाय."

तेव्हापासून ते माझं माप. शेंगदाण्याएवढा दिसला की सोडायचा. तो असायचा जिऱ्यापेक्षा जरासाच मोठा. नागपूर, भंडारा, दुर्ग, जिथं जिथं नातलगांची लग्नं झाली तिथं माझे गव्हले गेले. आमच्या घराण्यात कुणी क्रिकेट खेळलं, कुणी इंजिनिअर झालं. मी गव्हले केले.

म्हाताऱ्यांचा आजार

त्रास सुरू झाला तेव्हा मी दोष चष्म्याला दिला. सदर बाजारातल्या चष्मेवाल्यानं दोनदा काचा बदलून दिल्या. तरी समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा पिंजलेल्या कापसासारखा दिसे. बायकोनं, म्हणजे कल्पनानं, निदान डॉक्टरच्या आधीच करून टाकलं. चष्मा बदलून काही होणार नाही, तुमाले डोळेच बदलावे लागतीन, असं ती म्हणाली. तिचा विनोद खरा निघतो, हा माझा लग्नापासूनचा अनुभव.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी म्हाताऱ्यांच्या रांगेत बसलो होतो. बाहेर बोर्डावर मोतीबिंदूचं चित्र होतं आणि मला वाटत होतं की मला चुकून या बाजूला बसवलंय. डॉक्टर मॅडम माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी सांगितलं की मोतीबिंदूच आहे, मोठ्या नंबरवाल्यांना तो लवकर येतो. लेन्स काढावी लागेल, नवी घालू, आणि नवी घालताना नंबरही काढून टाकू. हे ऐकून मी खुश झालो. मग त्या म्हणाल्या की डोळ्याचा पडदा फार पातळ आहे, ऑपरेशननंतर तो सुटण्याचा धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त. ते मात्र मी ऐकूनही ऐकलं नाही.

पुढे त्यांनी एक प्रश्न विचारला. नवी लेन्स एकाच अंतराची असते. "अंकल, दूर का रखना है या पास का?"

मी क्षणाचाही विचार केला नाही. दूर का. जन्मभर मला लांबचंच तर दिसलं नव्हतं. जवळचं दिसणं मागायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, मग वाचायला चष्मा लागेल. मी मान हलवली. इतक्या मोठ्या चष्म्यातून सुटणाऱ्या माणसाला वाचायच्या चष्म्याचं काय भय?

परतताना स्कूटर कल्पना चालवत होती. तेलीबांध्याच्या तलावाशी तिनं ती थांबवली आणि आम्ही कठड्यावर बसलो. पडद्याची गोष्ट तिनं नीट ऐकली होती. ती कठड्यावरचा रंग नखानं खरवडत बसली. मी म्हटलं, नाही झालं बरोबर तर तू आहेसच ना वाचून दाखवायला. ती म्हणाली, मी काही तुमचं पूर्ण ऑफिस वाचून नाही दाखवणार. मग तिनं भेळ घेतली, मला अर्धी दिली, आणि दोघांनाही ती तिखट लागली. डोळे पुसायला तेवढं कारण पुरलं.

दादाजी

उजवा डोळा आधी. भुवईवर चिकटपट्टी लावतात, चुकून दुसरा डोळा होऊ नये म्हणून. ती लावणाऱ्या सिस्टरनं मला "दादाजी, सिर सीधा" म्हटलं. मी पन्नाशी ओलांडलेला, केसांना कलप लावणारा माणूस. हिरव्या टोपीखाली तो कलप वायाच गेला होता. थोड्या थोड्या वेळानं थेंब घालत होते आणि आम्ही सगळे एका बाकावर, माना वर करून, चोच उघडलेल्या पिल्लांसारखे बसलो होतो. शेजारचे एक आजोबा छत्तीसगढीत प्रत्येकाला धीर देत होते आणि स्वतःची पाळी आली तशी त्यांनी बाथरूमला जायची परवानगी मागितली.

आत दुखत नाही. वर प्रकाश असतो, तो वितळतो, निळा होतो, गुलाबी होतो. डॉक्टर मॅडम कुणाशी तरी डब्याबद्दल बोलत होत्या, आणि त्या डब्याबद्दल बोलतायत म्हणजे सगळं ठीक आहे, एवढ्यावर मी धीर धरून होतो. एकदा माझा हात नकळत वर येऊ लागला. कुणीतरी तो धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. कोण ते मला दिसलं नाही. या सगळ्या उपचारातली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती विचाराल तर मी तो हात सांगेन.

सगळं मोठं झालं

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मी मॅडमना म्हणालो, काहीतरी चुकलंय. सगळं मोठं झालंय.

चुकलं काही नव्हतं. मायनसचा जाड चष्मा जग लहान करून दाखवतो. नंबर जितका मोठा तितकं जग लहान. माझं जग एक-पंचमांशानं तरी लहान होतं, आणि मला पत्ता नव्हता, कारण दुसरं पाहिलंच नव्हतं. आता पंखा खाली आल्यासारखा वाटला. पायऱ्या अंगावर आल्या. पांढऱ्यात निळसर झाक दिसू लागली आणि ज्या भिंतीला मी क्रीम रंग समजत होतो ती पांढरी निघाली. तेलीबांध्याच्या दिव्यांभोवती मात्र गोल गोल कडी दिसत, प्रत्येक दिव्यानं गजरा माळल्यासारखी. मॅडम म्हणाल्या, काहींना ती राहतात, सवय होते. आता झाली आहे.

आरशात पाहिलं तर माझे डोळे मोठे होते. चष्म्याआड ते मोहरीएवढे दिसायचे. मुलगी, सायली, पुण्याहून आली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण लहानपणापासून ती उत्तर हिंदीत देते. ती माझ्या चेहऱ्याकडे बघतच राहिली. "बाबा, आपकी आँखें तो मेरे जैसी हैं," ती म्हणाली.

घरात आईचा फोटो आहे. उतारवयात तिलाही मोतीबिंदू झाला होता, पण तेव्हा आत लेन्स घालत नसत. शिबिरात ऑपरेशन झालं आणि तिला अधिकच्या नंबरचा जाड, फुगीर चष्मा मिळाला. तो उलटा. जग मोठं करून दाखवणारा. ती चहा ओतायची तो बशीच्या बाहेर, कारण कप तिला वाटे तिथं नसे. तिचे डोळे काचेआड म्हशीच्या डोळ्यांएवढे दिसत आणि आम्ही हसायचो, तीही हसायची.

फोटोसमोर उभा असताना मला हे पहिल्यांदा कळलं की त्या स्वयंपाकघरात आम्ही समोरासमोर बसायचो तेव्हा ती मला आहे त्याहून मोठा पाहत होती आणि मी तिला आहे त्याहून लहान. खरी केवढी होती ते मी पाहिलंच नाही. बाबांनाही नाही. आता मला नवा डोळा आहे आणि ती दोघं नाहीत. मी कल्पनाला हाक मारून हे सांगितलं. ती म्हणाली, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली, रडून धुऊन टाकू नका.

दोन बायका

एक डोळा झाला आणि दुसरा व्हायचाय, या मधल्या दिवसांबद्दल मात्र सांगायलाच हवं. उजवी काच काढून जुना चष्मा लावला तर डाव्या डोळ्याला लहान जग आणि उजव्याला मोठं. मेंदू दोन्ही जोडायला जातो आणि हात टेकतो. मी कल्पनाला सांगितलं की मले दोन बायका दिसून राहिल्या, एक मोठी, एक लहान. तिनं विचारलं, जेवण कोणती वाढते? मी विचार करून लहान म्हटलं. त्या दिवशी मी स्वतः वाढून घेतलं.

गोल बाजारात सायलीच्या लग्नाची भांडी घ्यायला गेलो तर मी पातेलं म्हणून दुकानदाराचं मनगट धरलं. घरी जिन्यावर शेवटची पायरी हुकली आणि गुडघा फुटला. म्हणून चष्मा ठेवून दिला आणि एका डोळ्यावर दिवस काढू लागलो.

सायलीचं लग्न दोन महिन्यांवर होतं. वळवटाचा मुहूर्त मधल्या दिवसांतच आला. नागपूरहून ताई, माझी मोठी बहीण, आली. पाच सुवासिनींनी सुरुवात केली आणि मग मी ऐटीत पाट ओढून बसलो. सोनेरी दांडीचा वाचायचा तयार चष्मा घेतला होता. नवा डोळा, नवा चष्मा, लेकीचं लग्न. नाकाशी चिमूट नेली तर धूर दिसला. चिमूट हातभर लांब धरली तेव्हा गव्हला दिसला. मी वळत गेलो आणि शेंगदाण्याएवढा दिसला की सोडत गेलो, जसं आयुष्यभर केलं तसं.

बायका एकमेकींकडे पाहत होत्या. मला वाटलं, कौतुकानं.

दुसऱ्या दिवशी ताईनं मूठभर चाखायला शिजवले. वाटी माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "बाळू, हे गव्हले हायेत का शेंगोळे?" शेंगोळे म्हणजे कुळथाच्या पिठाचे बोटाएवढे जाड वळे. आत पीठ कच्चं होतं. मी चावून पाहिलं आणि गिळलं. जे शेंगदाण्याएवढे दिसले ते खरंच शेंगदाण्याएवढे होते. हातभर अंतरावर शेंगदाणा शेंगदाण्याएवढाच दिसतो, हे साऱ्या जगाला माहीत आहे. मला नव्हतं.

सगळे हसले. मीही हसलो. पण संध्याकाळी एकटा बसलो तेव्हा कळलं की लांबचं मिळवताना मी काय देऊन बसलो. माझं जवळचं गेलं होतं. उजव्याचं गेलंच होतं. डाव्याचं दहा दिवसांत जाणार होतं.

डावा

मी डॉक्टर मॅडमकडे गेलो आणि डावा जवळचा ठेवा म्हणालो. किती जवळचा? मी नाकाशी दोन बोटं नेली. त्या हसल्या, पण मायेनं. ते अंतर म्हणजेच तुमचा आजार होता, अंकल, ते कुणी मुद्दाम घालत नाही. फार तर हातभराचं घालू. उजवा लांबचा, डावा हातभराचा. काहींचं जुळतं, काहींचं नाही जुळत. वचन देत नाही.

कल्पना भडकली. गुडघ्याची खपली अजून निघाली नव्हती. दोन डोळे दोन तऱ्हेचे करून घेणार आणि लग्नात मांडवात आडवे होणार का, असं तिचं म्हणणं होतं. ताईनं तिची बाजू घेतली. सायलीनं गुगल केलं आणि दोन्ही बाजू घेतल्या. मी म्हणालो की लांबचं पाहायला एक डोळा पुरे, मला ताटातलं दिसलं पाहिजे. दोन दिवस घरात फक्त कुकर बोलला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी गच्चीवर बसलो होतो. कल्पना परात घेऊन वर आली. तिनं रवा भिजवला होता.

मी म्हटलं, मुहूर्त झाला ना. ती म्हणाली, मुहूर्ताचे बायकांनी वळलेले वेगळे ठेवले हायेत. "तुमचे ते शेंगोळे मी गाईले घातले. पोरीच्या लग्नात तुमचे गव्हले पाहिजेत. डावा हाये ना आज? मंग बसा."

मी उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि चिमूट नाकाशी नेली. मोतीबिंदूमुळे थोडं धुकट होतं, पण होतं. रव्याची कणी, बोटाच्या रेषा, मधे तो गव्हला, शेंगदाण्याएवढा. ऊन कलेपर्यंत मी वळत होतो. मान दुखली, नाकाला पीठ लागलं. सायली खालून आली, शेजारी बसली आणि तिनंही दोन-चार वळायचा प्रयत्न केला. तिचा हात पाहायला मी जवळ घेतला. जन्मली तेव्हा दवाखान्यात मी असाच चष्मा काढून तिची पापणी पाहिली होती. तिनं विचारलं, काय पाहताय? मी म्हटलं, पीठ जास्त घेतेस.

ती गेल्यावर परात रिकामी झाली होती तरी मी रुमाल सोडत नव्हतो. कल्पना पाटावर बसली होती. ती पुढे सरकली आणि चेहरा माझ्या नाकाशी आणून म्हणाली, "मलेही पाहून घ्या. उद्यापासून तुमाले मी धूरच दिसणार."

मी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सव्वीस वर्षं पाहतोय, पण पुन्हा या अंतरावरून नाही, हे ठाऊक असताना पाहणं वेगळं असतं. भुवईत एक पांढरा केस होता, तो मी तिला सांगितला. ती म्हणाली, इतक्या जवळ येऊन हेच सापडलं का, आणि परात उचलून खाली गेली. पायऱ्यांवर ती जरा थांबली, ते मला ऐकू आलं.

हातभर

डावा झाला. पडदा जागेवर आहे. दोन तऱ्हेच्या डोळ्यांशी महिनाभर भांडण झालं, मग त्यांनी आपसात काम वाटून घेतलं. कुणाला असं करायचं असेल तर आधी चार वेळा विचारा, कारण माझ्या शेजारच्या वर्माजींना नाही जमलं. मला जमलं. सकाळी उठून अजून मी चष्मा चाचपतो. तो नसतो तेव्हा सुटल्यासारखंही वाटतं आणि घरातलं कुणीतरी गावाला गेल्यासारखंही.

लग्न तेलीबांध्याच्या एका हॉलात झालं. लांबून मला सगळं दिसलं. मांडवाच्या टोकाला उभ्या नवऱ्या मुलाच्या फेट्यावरचा तुरा, सायलीच्या कपाळावरची मुंडावळ, सगळं खऱ्या मापात. मी पाहुण्यांना उगाचच लांबच्या वस्तू दाखवत होतो. खीर पंगतीत वाढली तेव्हा ताईनं वाटीत चमचा घालून हलवला, उचलला, आणि आणखी एक वाटी मागून घेतली. एवढं मला पुरलं.

निघायच्या वेळी सायली आली आणि माझ्या गळ्यात पडली. ती रडत होती. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याशी होता, आणि तिथं मला काहीच दिसेना. लाल रंग, एक चमक, बाकी धुकं. मी तिचे खांदे धरले आणि तिला हातभर मागे केलं.

ती दुखावली. "बाबा, दूर क्यों कर रहे हो?"

"दिसावी म्हणून," मी म्हणालो.

हातभर अंतरावर ती आली. काजळ पसरलेलं, नाक लाल, कपाळावर तांदळाचा एक दाणा चिकटलेला. मी तिला तसंच धरून ठेवलं आणि ती उभी राहिली. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. माझं पाहून होईपर्यंत ती हलली नाही.